खान अब्दुल वली खान : ‘देशद्रोही’ ठरवलेला विरोधी पक्षनेता

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



आजचा विषय पाकिस्तानातल्या एका संसदपटूचा आहे, पण सुरुवात मी वर्ध्यापासून करणार आहे. डिसेंबर १९३४. हजारीबागच्या तुरुंगातून सुटलेले खान अब्दुल गफार खान तेव्हा वर्ध्याला जमनालाल बजाजांकडे राहत होते. स्वतःच्या प्रांतात, म्हणजे वायव्य सरहद्द प्रांतात, जायला सरकारने त्यांना बंदी केली होती. ऑक्टोबरमध्ये मुंबईत त्यांनी एक भाषण केलं होतं. त्या भाषणावरून त्यांना वर्ध्यातच अटक झाली, मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला आणि दोन वर्षांची शिक्षा झाली.

ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना माहीत असते. सरहद्द गांधी, खुदाई खिदमतगार, लाल डगले, हे शब्द आपण शाळेत ऐकलेले असतात. पण १९४७ नंतर हे कुटुंब आपल्या नजरेआड होतं. मधे कधीतरी, १९८७ मध्ये, त्यांना भारतरत्न दिल्याची बातमी येते, दुसऱ्या वर्षी ते गेल्याची बातमी येते, आणि संपलं. मधल्या चाळीस वर्षांत त्या घराचं काय झालं, हे आपण फारसं विचारत नाही.

वर्ध्यात वडिलांना अटक झाली तेव्हा त्यांचा दुसरा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याचं नाव वली. पुढे तो पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीत विरोधी पक्षनेता झाला. वडिलांवर इंग्रजांनी राजद्रोहाचा खटला भरला, आणि मुलावर स्वतंत्र पाकिस्तानच्या सरकारने देशाविरुद्ध कट केल्याचा. आज मला त्या मुलाबद्दल बोलायचं आहे. त्यातही मुख्यतः एका सहीबद्दल, जी त्याने १९७३ साली केली.

वारशात काय मिळालं

वली खान यांचा जन्म ११ जानेवारी १९१७ चा, चारसद्दा भागातल्या उतमानझई गावचा. आई लहानपणीच गेली, सावत्र आईही लवकर गेली. वडील सतत तुरुंगात. वडिलांनी १९२१ साली गावात सुरू केलेल्या आझाद शाळेत ते पहिल्यांदा शिकले, मग डेहराडूनच्या इंग्रजी शाळेत. डोळ्यांच्या दुखण्यामुळे शिक्षण पुढे गेलं नाही. १९४२ च्या सुमारास ते खुदाई खिदमतगारांत दाखल झाले आणि १९४३ मध्ये पहिल्यांदा तुरुंगात गेले. त्या घरात ही रीतच होती म्हणा ना.

आता थोडं घराबद्दल. काका डॉ. खान साहेब हे सरहद्द प्रांतातल्या काँग्रेस सरकारचे प्रमुख. फाळणीच्या वेळीही तेच सत्तेवर होते. वडिलांनी फाळणीला विरोध केला होता आणि जुलै १९४७ च्या सार्वमतावर बहिष्कार टाकला होता. पाकिस्तान झाल्यावर आठवड्याभरात, २२ ऑगस्टला, डॉ. खान साहेबांचं सरकार बरखास्त झालं. लक्षात घ्या, नव्या देशाच्या पहिल्या आठ दिवसांत एका निवडून आलेल्या प्रांतिक सरकारची बरखास्ती. ही गोष्ट पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

गफार खानांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये कराचीला घटना समितीत पाकिस्तानशी निष्ठेची शपथ घेतली. काही महिन्यांत ते तुरुंगात होते. १२ ऑगस्ट १९४८ ला चारसद्द्याजवळ बाबडा इथे खुदाई खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला. सरकारी आकडा पंधराच्या आसपास मृत्यूंचा, खुदाई खिदमतगार सहाशेच्या वर सांगतात. स्वातंत्र्याला एक वर्ष पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. वली खानही त्या वर्षी आत गेले ते १९५३ पर्यंत. आरोपपत्र नाही, खटला नाही. ते तुरुंगात असतानाच त्यांची पहिली पत्नी वारली. मागे अगदी तान्हा मुलगा, अस्फंदयार.

आपण ‘राजकीय घराणं’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं? साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, मतदारसंघ. वली खान मोठ्या जमीनदार घरातले होते, हे खरं. पण राजकारणात त्यांना वारशाने जे मिळालं ते दुहेरी होतं. एक, पठाणांमध्ये असलेला अफाट मान. आणि दुसरा, राज्यसंस्थेचा कायमचा संशय. हे फाळणीविरोधी, हे हिंदुस्थानचे, हे अफगाणिस्तानचे, यांना वेगळं पख्तुनिस्तान हवं. हा शिक्का बापाच्या कपाळावर होता, तो मुलाच्या कपाळावर आपोआप आला.

यावर दोन उत्तरं देता येतात. एक म्हणजे, ठीक आहे, तुम्ही आम्हाला परके म्हणता, तर आम्ही परकेच. डोंगरात जाऊ, काबूलला जाऊ. दुसरं म्हणजे, हा देश आमचाही आहे, आणि तो कसा चालावा हे ठरवताना आम्ही टेबलाशी बसणार. वली खानांनी आयुष्यभर दुसरं उत्तर दिलं. वडील मात्र आयुष्याची बरीच वर्षं अफगाणिस्तानात राहिले. बापलेकांत हा फरक आहे.

सत्तरचं दशक

१९५७ साली ढाक्यात नॅशनल अवामी पार्टी स्थापन झाली. मौलाना भाशानी अध्यक्ष. पूर्व बंगालचे डावे, पठाण, बलोच, सिंधी, असे सगळे प्रांतांच्या हक्कांची भाषा बोलणारे लोक त्यात होते. त्या वेळी पश्चिमेकडचे सगळे प्रांत मोडून एकच प्रांत केलेला होता, त्याला ‘वन युनिट’ म्हणत. त्याला या मंडळींचा कडवा विरोध. पुढे रशिया आणि चीन यांचं बिनसलं तसा पक्षही फुटला आणि १९६८ मध्ये रशियाकडे झुकलेल्या गटाचे वली खान अध्यक्ष झाले. तीच ‘नॅप’, वली गट.

१९७० च्या निवडणुकीत नॅशनल असेंब्लीच्या तीनशे जागांपैकी नॅपला मिळाल्या सहा. सहाच. पण सरहद्द आणि बलुचिस्तान या दोन प्रांतांच्या विधानसभांत तो महत्त्वाचा पक्ष होता. मार्च १९७१ मध्ये, ढाक्यात शेवटच्या वाटाघाटी चालू असताना, वली खान तिथे जाऊन मुजीबुर रहमान यांना भेटले होते. बहुमत ज्याचं आहे त्याला सत्ता द्या, ही त्यांची भूमिका होती. पश्चिम पाकिस्तानात तेव्हा असं बोलणारे थोडे होते. नोव्हेंबरमध्ये याह्या खानांनी नॅपवर बंदी घातली. पक्षावरची ही पहिली बंदी.

डिसेंबरमध्ये देश तुटला. भुट्टो आले, बंदी उठली. ६ मार्च १९७२ ला भुट्टोंची पीपल्स पार्टी, नॅप आणि मुफ्ती महमूद यांची जमियत यांच्यात करार झाला. त्यातून सरहद्द प्रांतात मुफ्ती मुख्यमंत्री, बलुचिस्तानात नॅपचे अताउल्ला मेंगल मुख्यमंत्री, आणि दोन्ही राज्यपाल नॅपचे झाले. इस्लामाबादला वली खान विरोधी पक्षनेते. पंचवीस वर्षं देशद्रोही म्हणवली गेलेली माणसं पहिल्यांदाच कायदेशीर सत्तेत आली.

हे नऊ महिने टिकलं. १० फेब्रुवारी १९७३ ला इस्लामाबादच्या इराकी वकिलातीत शस्त्रांचा साठा सापडला. शस्त्रं बलोच बंडखोरांसाठी होती, असं सरकारचं म्हणणं. पाच दिवसांत दोन्ही राज्यपाल काढले गेले आणि मेंगल यांचं सरकार बरखास्त झालं. निषेध म्हणून मुफ्तींनी राजीनामा दिला. १९४७ ची गोष्ट आठवा. काकांच्या बाबतीत जे झालं तेच पुतण्याच्या पक्षाबाबत झालं.

मग आला २३ मार्च. पाकिस्तान दिन. विरोधकांच्या आघाडीची रावळपिंडीच्या लियाकत बागेत सभा होती. सभेवर गोळीबार झाला. डझनभर माणसं मेली, त्यांत बरेचसे पठाण, वली खानांचे कार्यकर्ते. आता पठाणांच्या रीतीत ‘बदल’ म्हणजे सूड हे कर्तव्य असतं. मृतदेह पेशावरच्या रस्त्यावरून मिरवले असते तर काय झालं असतं, हे सांगायला नको. वली खानांनी मृतदेह नेले आणि शांतपणे त्यांचं दफन करवलं. त्यांचे सहकारी, कवी अजमल खटक, यानंतर सीमा ओलांडून काबूलला गेले आणि १९८९ पर्यंत परतले नाहीत. वली खान इस्लामाबादला परतले.

ती सही

कारण राज्यघटनेचं काम अर्धवट राहिलं होतं. हे नीट पाहू या.

पंचवीस वर्षांत पाकिस्तानने दोन राज्यघटना केल्या होत्या, १९५६ ची आणि १९६२ ची, आणि दोन्ही लष्करी राजवटींनी पुसल्या होत्या. तिसरी तयार होत होती. भुट्टोंकडे बहुमत होतं, घटना मंजूर करून घ्यायला विरोधकांची गरज नव्हती. पण नुसत्या बहुमताने मंजूर झालेली घटना पंजाब आणि सिंधची घटना ठरली असती. सरहद्द आणि बलुचिस्तानचे प्रतिनिधी बाहेर राहिले असते तर तिला कोणी देशाची घटना म्हटलं नसतं. म्हणजे वली खानांकडे मतं थोडी होती, पण त्यांच्या सहीला वजन होतं.

आणि सही न करायला कारणं किती होती बघा. दोन महिन्यांपूर्वी सरकारं पाडलेली. तीन आठवड्यांपूर्वी सभेत माणसं मारलेली. बलुचिस्तानात बंडाला सुरुवात होत होती. विरोधकांनी सभागृहावर बहिष्कार घातला होता. पक्षातही एकमत नव्हतं, खैर बख्श मर्री यांच्यासारख्या बलोच नेत्यांनी शेवटपर्यंत सही केली नाही.

तरी शेवटच्या टप्प्यात भुट्टोंनी काही दुरुस्त्या मान्य केल्या, विरोधक सभागृहात परत आले, आणि १० एप्रिल १९७३ ला १२५ मतांनी घटना मंजूर झाली. लियाकत बागेनंतर अठराव्या दिवशी.

वली खानांना यातून काय मिळालं? संसदीय पद्धत मिळाली. सीनेट मिळालं, म्हणजे ज्यात सगळ्या प्रांतांना सारखं प्रतिनिधित्व आहे असं वरचं सभागृह. केंद्र आणि प्रांत यांच्या सामायिक प्रश्नांसाठी एक परिषद मिळाली. पूर्ण प्रांतिक स्वायत्तता मिळाली नाही, केंद्र आणि प्रांत दोघांनाही कायदे करता येतील अशी एक लांबलचक समवर्ती सूची राहिली. ती दहा वर्षांत रद्द होईल असं आश्वासन होतं, असं त्यांच्या पक्षाचे लोक पुढे सांगत राहिले. कागदावर ते नव्हतं.

लोक विचारतात, मग फसले का ते? मला तसं वाटत नाही. बांगलादेश नुकताच गेलेला होता. घटनेविना चालणारा देश कसा तुटतो हे त्यांनी ढाक्यात स्वतः पाहिलं होतं. अपुरी घटनासुद्धा घटना नसण्यापेक्षा बरी, दगडापेक्षा वीट मऊ, असा तो हिशेब होता. ज्या माणसावर विश्वास नाही त्याच्याबरोबर सही करायची असेल, तर ती त्या माणसासाठी नसते, तो गेल्यावरही जो कागद उरणार आहे त्यासाठी असते.

सहीची किंमत

१४ ऑगस्ट १९७३ ला घटना लागू झाली. त्याच दिवशी आणीबाणीचा आधार घेऊन मूलभूत हक्क स्थगित झाले. म्हणजे हक्क आले आणि गेले, दोन्ही एका दिवशी. पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली : देशाच्या सार्वभौमत्वाला आणि अखंडतेला बाधा आणणाऱ्या पक्षावर बंदी घालायचा अधिकार सरकारला मिळाला, शिक्कामोर्तब सर्वोच्च न्यायालयाने करायचं. ही दुरुस्ती कोणासाठी आहे, हे सभागृहात सगळ्यांना कळत होतं.

८ फेब्रुवारी १९७५ ला पेशावर विद्यापीठात बॉम्बस्फोट झाला आणि भुट्टोंचे सरहद्दीतले जवळचे सहकारी हयात शेरपाव मारले गेले. वली खानांना अटक झाली, दोन दिवसांत नॅपवर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. पाठोपाठ हैदराबादच्या तुरुंगात, हे सिंधमधलं हैदराबाद, विशेष न्यायाधिकरणापुढे कटाचा खटला उभा राहिला. आरोपींत बिझेंजो, मेंगल, मर्री, आणि पंजाबचे कवी हबीब जालिबसुद्धा.

वली खानांच्या नावावर एक उत्तर सांगितलं जातं. आधी कोण आहात, पठाण की मुसलमान की पाकिस्तानी, असं विचारल्यावर ते म्हणाले, पठाण मी हजारो वर्षं आहे, मुसलमान तेराचौदाशे वर्षं, आणि पाकिस्तानी पंचवीसएक वर्षं. आकडे प्रत्येक सांगणाऱ्याचे वेगळे असतात. पण मला त्यातलं शेवटचं महत्त्वाचं वाटतं. तो माणूस तिसरी ओळख नाकारत नाहीये. तिन्ही सांगतोय, फक्त क्रमाने.

खटला पुरा झालाच नाही. जुलै १९७७ मध्ये झिया उल हक यांनी सत्ता घेतली आणि काही महिन्यांत न्यायाधिकरण गुंडाळलं. आरोपी सुटले.

आणि इथे वली खानांची चूक येते. ती झाकून चालणार नाही. झियांनी ऑक्टोबरमध्ये निवडणुकांचं वचन दिलं होतं. वली खानांनी मागणी लावून धरली : आधी भुट्टोंच्या कारभाराचा हिशेब, मग निवडणूक. ज्याला भुट्टोंनी तुरुंगात टाकलं त्याचा हा राग समजू शकतो. पण निवडणूक टाळायला झियांना हेच हवं होतं. निवडणूक पुढे गेली, भुट्टो एप्रिल १९७९ मध्ये फासावर गेले, आणि लष्कर अकरा वर्षं बसलं. लियाकत बागेनंतर ज्याने राग गिळला होता, त्याला इथे तो गिळता आला नाही. बलोच साथीदारही याच काळात दुरावले.

पुढचं थोडक्यात सांगतो. अफगाणिस्तानातल्या युद्धाला जिहाद म्हणायला वली खानांनी नकार दिला. दोन महासत्तांच्या भांडणात पठाण मरताहेत आणि ही आग आपल्या घरात येणार, असं ते सांगत राहिले. १९८६ मध्ये अवामी नॅशनल पार्टी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. फाळणीवर त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसमधली कागदपत्रं वाचून पुस्तक लिहिलं. १९९० मध्ये चारसद्द्यात, स्वतःच्या गावच्या मतदारसंघात, ते मौलाना हसन जान यांच्याकडून हरले. त्यांनी निकाल मानला आणि निवडणुकीचं राजकारण सोडलं. पक्षाचं अध्यक्षपद कोणाकडे गेलं? काबूलहून परतलेल्या अजमल खटक यांच्याकडे. २६ जानेवारी २००६ ला वली खान गेले आणि उतमानझईला त्यांचं दफन झालं.

उरलेला कागद

त्या घटनेचं काय झालं? झियांनी ती स्थगित केली, मुशर्रफांनी केली, दोघांनीही ती वाकवली. पण १९५६ आणि १९६२ च्या घटनांसारखी ती फेकून देता आली नाही. प्रत्येक वेळी परत यावं लागलं ते १९७३ कडेच. कारण तिच्यावर सगळ्या प्रांतांच्या सह्या होत्या.

एप्रिल २०१० मध्ये अठरावी घटनादुरुस्ती झाली. समवर्ती सूची रद्द झाली. दहा वर्षांऐवजी सदतीस लागली. आणि इंग्रजांनी दिलेलं ‘वायव्य सरहद्द प्रांत’ हे नाव जाऊन ‘खैबर पख्तुनख्वा’ झालं. पठाणांचं नाव त्यांच्या प्रांताला मिळालं. तेव्हा त्या प्रांतात सत्ता होती अवामी नॅशनल पार्टीची, आणि पक्षाचे अध्यक्ष होते अस्फंदयार वली, वली खान तुरुंगात असताना आई गमावलेलं ते तान्हं बाळ.

श्रोत्यांमधून एक प्रश्न

प्रश्न असा आला आहे : आजोबा, वडील, मुलगा, आता नातू. ही घराणेशाहीच ना? तुम्ही तिचं कौतुक करताय का?

रास्त प्रश्न आहे. हो, घराणेशाही आहे. १९७७ मध्ये वली खान तुरुंगात असताना त्यांच्या दुसऱ्या पत्नी बेगम नसीम वली सर्वसाधारण जागेवरून निवडून आल्या, सरहद्दीत असं करणाऱ्या त्या पहिल्याच महिला. ते मोठं धाडस होतं. पण पुढे पक्षावर घराची पकड बसली, घरातल्या घरात भांडणंही झाली, आणि २०२४ पासून नातू ऐमल वली पक्षाचे अध्यक्ष आहेत. बाहेरच्या कार्यकर्त्याला वर जायला वाट अरुंद होते, हा दोष आपल्याकडे आहे तोच तिथेही आहे. मी त्याचं समर्थन करत नाही.

फक्त एवढंच सांगेन, की घराण्याला सत्तेपेक्षा कशाने मोजता येतं तेही बघा. २००८ मध्ये ईदच्या दिवसांत याच घराच्या दारात अस्फंदयार यांच्यावर आत्मघाती हल्ला झाला, ते वाचले. ज्या आगीबद्दल वली खान ऐंशीच्या दशकात बोलत होते, ती दारात आली होती.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. आपण त्यांच्या वडिलांना भारतरत्न दिलं ते प्रेमानेच दिलं. पण तिकडे अशा प्रत्येक सन्मानाने ‘हे हिंदुस्थानचे’ या आरोपाला खतपाणीच मिळतं. वली खान आपले म्हणून मोठे नाहीत. ते पाकिस्तानचे विरोधी पक्षनेते होते, आणि त्या देशाला घटना मिळावी म्हणून त्यांनी सही केली. त्यांना त्यांच्या देशाचंच राहू द्यावं, हा त्यांचा खरा मान आहे.